जे पाहिलं नाही, त्याखाली सही नको

ताई, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातली. वकिलीला तीन वर्षं झाली, पणजीत एका सिनियर सरांकडे ज्युनियर आहे. आमच्या गावातल्याच एका काकांची भाटातून, म्हणजे बागायतीतून, जाणाऱ्या वाटेची केस होती. खाली हरलो, जिल्हा न्यायालयात हरलो, आणि गेल्या महिन्यात पर्वरीला हायकोर्टात सेकंड अपील अॅडमिशनलाच, म्हणजे दाखल करून घ्यायच्या टप्प्यावरच, फेटाळलं. सर त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते म्हणून मी उभी राहिले. न्यायमूर्तींनी मला बारा मिनिटं ऐकलं. मध्येच "फाइल वाचून आलाय का तुम्ही?" असं सगळ्यांसमोर विचारलं. मी बाहेर येऊन रडले.

आता सरांनी त्या न्यायमूर्तींविरुद्ध गैरवर्तनाची तक्रार लिहिली आहे. ती राष्ट्रपती, सरन्यायाधीश आणि लोकपाल यांना जाणार. एक प्रत वर्तमानपत्राला आणि वकिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. तक्रारीत चार गोष्टी आहेत. आम्हाला ऐकून घेतलं नाही. महिला वकिलाचा अपमान केला. म्हार्दोळला एका लग्नात न्यायमूर्ती आणि समोरचे वकील एकाच पंगतीला होते. आणि "खात्रीलायकरीत्या समजते की" निकालामागे देवाणघेवाण झाली. सर म्हणतात, कोर्टात तू होतीस, तर सही तुझी. काकांचा रोज फोन येतो. सही केली नाही तर ऑफिस सुटेल. केली तर काय होईल ते कळत नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्यावर अन्याय झाला असं मलाही वाटतं. काय करू?

एक ज्युनियर, डिचोली

बाय,

सही करू नकोस. कारणं पुढे सविस्तर लिहिते, पण उत्तर आधी दिलं, कारण तो कागद तुझ्या टेबलावर आहे आणि सोमवारी तुला पुन्हा त्याच टेबलाशी बसायचं आहे.

आधी त्या बारा मिनिटांबद्दल. भरलेल्या कोर्टात, मागच्या बाकावर चार सिनियर बसलेले असताना "फाइल वाचून आलाय का" हा प्रश्न कानावर पडला की तोंडपाठ केलेले मुद्देसुद्धा निसटतात. मी हे अनुभवलं आहे. माझ्या सुरुवातीच्या काळात हायकोर्ट पणजीत आल्तिनोवर लायसियमच्या जुन्या इमारतीत भरायचं. तिथे एकदा पुराव्याचं पान सांगताना मी अडखळले आणि वरून एक वाक्य आलं. ते वाक्य मला आजही शब्दन्‌ शब्द आठवतं. तुला जे लागलं ते मी हलकं करणार नाही. तो प्रश्न सौम्यपणे विचारता आला असता. पण त्याहून जास्त मला दुसरी गोष्ट खटकते. दोन कोर्टांत हरलेली केस घेऊन तीन वर्षांच्या ज्युनियरला एकटं उभं करायला नको होतं. तेव्हा उभी राहायला तू, आणि आज सही करायलाही तूच. हे तुझ्या लक्षात आलंय का?

आता तक्रारीतल्या चार गोष्टी बघू.

ऐकून घेतलं नाही, ही पहिली. सेकंड अपील म्हणजे केस तिसऱ्यांदा पहिल्यापासून ऐकणं नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली हायकोर्टाने एवढंच पाहायचं असतं, की या प्रकरणात कायद्याचा काही महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो का. वाट होती की नव्हती, किती वर्षं वापरात होती, विहिरीकडून जायची की बांधावरून, हे सगळे वस्तुस्थितीचे प्रश्न. दोन कोर्टांनी ते एकाच बाजूने ठरवले असले की हायकोर्ट सहसा त्यांत हात घालत नाही. तेव्हा तिथे न्यायमूर्ती वकिलाला एकच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत राहतात: तुमचा कायद्याचा प्रश्न कोणता? उत्तर मिळालं नाही तर बारा मिनिटांतही सुनावणी संपते. काकांना हे कोणी समजावून सांगितलं का? मला नाही वाटत. त्यांना वाटलं असणार की पर्वरीला सगळं नव्याने ऐकतील, साक्षी पुन्हा बघतील, जमलं तर जागेवरही येतील. तसं झालं नाही, मग दोष कुणाला तरी द्यायला हवा, आणि तो न्यायमूर्तींना देणं सगळ्यांत सोपं. अशा कितीतरी तक्रारी मुळात अशिलाला वेळेवर न सांगितलेल्या सत्यातून जन्मतात, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे.

तू एखादा मुद्दा खरोखर मांडला होतास आणि निकालात त्याचा उल्लेखच नाही, असं झालं असेल तर त्यालाही वाट आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक या १९८२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे, की कोर्टात काय घडलं याबद्दल निकालात जे लिहिलेलं असतं ते प्रमाण. ते चुकलं असं वाटत असेल तर आठवण ताजी असतानाच, त्याच न्यायाधीशांपुढे जाऊन ते लक्षात आणून द्यायचं. आपल्याकडे टंकलेखनाची किंवा किरकोळ चूक असेल तर 'स्पीकिंग टू द मिनिट्स'ला, म्हणजे तेवढी दुरुस्ती करून घ्यायला, लावतात, मोठी चूक असेल तर पुनर्विलोकन (रिव्ह्यू) अर्ज. तुमच्यापैकी कोणी यातलं काही केलं का? केलं नसेल तर "ऐकलं नाही" हे वाक्य राष्ट्रपतींना कोणत्या तोंडाने लिहायचं?

दुसरी गोष्ट अपमानाची. त्यावर शेवटाकडे येते, कारण चारांतली ती एकच खरी तुझी आहे.

तिसरी पंगतीची. बाय, हा गोवा आहे. म्हार्दोळला लग्न असलं तर निम्मी फोंडा तालुक्याची माणसं आणि पणजीचा अर्धा बार, म्हणजे वकीलवर्ग, तिथे असतो. वधूकडचे आपले नातलग निघतात, वराकडचे अशील. मी स्वतः आज ज्या वकिलाशी कोर्टात तासभर भांडले, त्याच्या शेजारी संध्याकाळी बसून खतखतें जेवले आहे. एकाच मंडपात जेवल्याने काही सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सगळ्या न्यायाधीशांनी ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांची एक संहिता स्वीकारली. न्यायाधीशाने वकिलांशी, विशेषतः आपल्याच कोर्टात काम करणाऱ्यांशी, घनिष्ठ संबंध टाळावेत असं ती सांगते. कुटुंबातलं किंवा जवळच्या नात्यामैत्रीतलं माणूस गुंतलेलं असेल ते प्रकरण चालवू नये, आणि नातलग किंवा मित्र सोडून कुणाकडून भेट वा पाहुणचार घेऊ नये, हेही तीत आहे. म्हणजे समोरच्या वकिलाने न्यायमूर्तींना सुट्टीवर नेलं, खर्च केला, आणि त्याचा कागद तुझ्या हातात आहे, तर ती तक्रार. भाताचं वाढप एका रांगेत झालं ही तक्रार नव्हे. आणि त्या लग्नाला तू होतीस तरी का? तुझ्या पत्रात तसं नाही. कुणीतरी सरांना सांगितलं, सरांनी लिहिलं, आणि सही तुझी.

आता चौथी, आणि इथे मला थांबायचं आहे.

"खात्रीलायकरीत्या समजते की." मी इतकी वर्षं कोर्टाचे कागद वाचते आहे आणि या तीन शब्दांइतकं भीतिदायक मी क्वचितच काही वाचलं आहे. कुणाला समजतं? कुणाकडून? कधी? किती पैसे, कुणी, कुणाच्या हातात दिले? वाक्यात कर्ताच नाही. कर्ता नसलेल्या वाक्याखाली सही करणारा माणूस स्वतःच त्याचा कर्ता होतो. चौकशीला बोलावतील तेव्हा "समजते" तुझ्या शेजारी येऊन उभं राहणार नाही. तू एकटीच असशील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझी वकिली सुरू होऊन दोनच वर्षं झाली होती. ज्या ऑफिसात होते तिथल्या मोठ्या वकिलांनी एका खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशांविरुद्ध तक्रार केली, की रविवारी ते आमच्या प्रतिपक्षाच्या घरात शिरताना दिसले. साक्षीदार म्हणून खाली माझं नाव घातलं. मी सही केली. ज्युनियर नाही म्हणत नसतो, असं मला तेव्हा वाटायचं. चौकशी लागली. मला बोलावलं. अधिकाऱ्यांनी आवाज न चढवता एकच विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलं?" मी म्हटलं, नाही. ते "नाही" लिहून घेतलं आणि त्याखाली मी दुसरी सही केली. पुढे निघालं ते असं, की प्रतिपक्षाच्या घराच्या माडीवर एक डॉक्टर राहायचे आणि न्यायाधीश आपल्या आईच्या औषधासाठी तिथे जायचे. चौकशी बंद झाली. पण ती व्हायला दीड वर्ष गेलं. दीड वर्ष ते गृहस्थ रोज सकाळी त्याच कोर्टात बसत होते, आणि आम्ही सगळे त्यांच्यासमोर उभे राहून "युवर ऑनर" म्हणत होतो. ते एका शब्दाने बोलले नाहीत. न्यायाधीशाला बोलताच येत नाही. तो वर्तमानपत्रात खुलासा देऊ शकत नाही, बारच्या खोलीत येऊन "अरे, माझी आई आजारी होती" असं सांगू शकत नाही. मी त्यांची माफी मागितली नाही. आधी धीर झाला नाही, मग त्यांची बदली झाली.

आणखी एक घडलं, ते याहून वाईट. त्यानंतर काही काळाने त्याच तालुक्यातली एक बाई दुसऱ्या एका अधिकाऱ्याविरुद्ध खरी, पुराव्यासकट तक्रार घेऊन हिंडत होती. कोणी तिच्याकडे नीट बघायला तयार होईना. या भागातले लोक अशा तक्रारी करतातच, असा शेरा तिला ऐकावा लागला. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ते मी त्या बाईच्या चेहऱ्यावर पाहिलं. निराधार तक्रारीचा पहिला बळी न्यायाधीश असतो, आणि दुसरा बळी ज्याच्याकडे खरोखर पुरावा आहे तो माणूस.

आता कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण तुला "केली तर काय होईल" हे हवं आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांत वकिलाच्या न्यायालयाप्रती कर्तव्यांचा पहिलाच नियम दोन गोष्टी एका दमात सांगतो. वकिलाने न्यायालयात प्रतिष्ठेने आणि स्वाभिमानाने वागावं, आणि न्यायिक अधिकाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रारीला योग्य कारण असेल तेव्हा ती योग्य अधिकाऱ्यांकडे करणं हा त्याचा हक्कही आहे आणि कर्तव्यही. कुणी तुला म्हणालं की वकिलाने न्यायाधीशाविरुद्ध तोंड उघडूच नये, तर ते खोटं आहे. पण नियमातले दोन शब्द बघ: योग्य कारण, योग्य अधिकारी. तुझ्या टेबलावरच्या कागदात दोन्ही नाहीत.

योग्य अधिकारी कोण, हे ठरलं ते आपल्याच बार कौन्सिलमुळे. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांच्या पुस्तकाला परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या रकमेवरून वादळ उठलं. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने आणि मुंबईतल्या वकिलांच्या संघटनांनी त्यांच्या राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले. त्यांनी राजीनामा दिला. मी तेव्हा तरुण होते, आणि आल्तिनोच्या व्हरांड्यात दोन तट पडले होते ते मला आठवतं. सर्वोच्च न्यायालयाने सी. रविचंद्रन अय्यर यांच्या याचिकेवर त्याच वर्षी निकाल दिला, की असे ठराव करून न्यायाधीशावर दबाव आणण्याचा अधिकार वकिलांच्या संघटनांना नाही. हातात तपासलेली, भरवशाची माहिती असेल तर पदाधिकाऱ्यांनी ती मुख्य न्यायमूर्तींना गुप्तपणे द्यावी, आरोप मुख्य न्यायमूर्तींवरच असेल तर सरन्यायाधीशांना, आणि मग थांबावं.

पुढे १५ डिसेंबर १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत चौकशीची पद्धत स्वीकारली. तुमची तक्रार पर्वरीतून दिल्लीला गेली तरी याच रस्त्याने जाणार. राष्ट्रपतींकडे पाठवलेली तक्रार सरन्यायाधीशांकडेच येते. ती बिनबुडाची असेल किंवा निकालाच्या गुणदोषांबद्दल असेल तर तिथेच दप्तरी दाखल होते. गंभीर वाटली तर न्यायमूर्तींकडून उत्तर मागवतात. त्यानंतरही शंका उरली तर तीन न्यायाधीशांची समिती बसते, दोन इतर उच्च न्यायालयांचे मुख्य न्यायमूर्ती आणि एक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. न्यायमूर्तींना पदावरून काढायचं तर त्यासाठी संसदच लागते. लोकसभेतल्या १०० किंवा राज्यसभेतल्या ५० सदस्यांच्या सह्यांशिवाय तो प्रस्ताव दाखलही होत नाही, आणि संविधानात त्याला कारणं दोनच आहेत, सिद्ध झालेलं गैरवर्तन किंवा असमर्थता. लोकपालाचं म्हणशील तर, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात असं लोकपालाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ रोजी त्या आदेशाला स्थगिती दिली. सरांना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आणि वर्तमानपत्राला व ग्रुपवर प्रत. इथे तक्रारीचा हेतूच बदलतो. गुप्त पत्राला न्याय हवा असतो. जाहीर पत्राला आवाज हवा असतो, आणि त्याच क्षणी तू न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्याच्या दारात उभी राहतेस. १९७१ च्या त्या कायद्याचं कलम ६ सद्‌भावनेने केलेल्या तक्रारीला संरक्षण देतं, पण ते खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध वरच्या कोर्टाकडे केलेल्या तक्रारीला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींविरुद्ध व्हॉट्सअॅपवर फिरवलेल्या कागदाला ती छत्री नाही. २००६ च्या दुरुस्तीने सत्य हा बचाव घेता येतो, पण त्यासाठी ते सत्य दाखवता आलं पाहिजे, सार्वजनिक हिताचं असलं पाहिजे आणि प्रामाणिकपणे मांडलेलं असलं पाहिजे. सद्‌भावना म्हणजे मन साफ होतं एवढंच नव्हे. आपला फौजदारी कायदा जुन्या दंडविधानापासून नव्या न्याय संहितेपर्यंत सांगत आलाय, की योग्य काळजी न घेता आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्‌भावनेने केली असं म्हणता येत नाही. अवमानाला सहा महिन्यांपर्यंत साधी कैद आहे. शिवाय वकील कायद्याच्या कलम ३५ खाली बार कौन्सिल वकिलीच्या सनदेला हात लावू शकते.

"सरांनी लिहिलं, मी नुसती सही केली" हा बचाव चालत नाही, हे सत्तर वर्षांपूर्वीच ठरून गेलंय. १९५४ साली नागपूर उच्च न्यायालयातून आलेल्या एम. वाय. शरीफ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की न्यायाधीशांवर लांच्छन लावणाऱ्या अर्जावर, त्याला वाजवी आधार आहे का याची खात्री न करता सही करणारा वकीलही अवमानाचा दोषी असतो, अशिलाच्या सांगण्यावरून केली म्हणून तो सुटत नाही. तो निकाल धूळ खात पडलेला नाही. २०२५ मध्ये तेलंगणा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींवर केस दुसरीकडे वळवण्याच्या अर्जात आरोप झाले. तेव्हाचे सरन्यायाधीश गवई यांच्या पीठाने अशिलाबरोबर सही करणाऱ्या वकिलांनाही अवमानाच्या नोटिसा काढल्या, आणि त्याच न्यायमूर्तींपुढे जाऊन माफी मागायला लावली. २०२० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींविरुद्ध राष्ट्रपती आणि सरन्यायाधीशांना पाठवलेल्या तक्रारींवरून तिघांना तीन महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. "आम्ही तर फक्त राष्ट्रपतींना लिहिलं" हे उत्तर तिथे पुरलं नाही.

पण तुला फक्त भीती घालून गप्प बसवायचं नाही मला. या व्यवस्थेत एक खोट आहे आणि ती मी लपवणार नाही. अंतर्गत चौकशीत तक्रारदाराला फारसं काही कळत नाही. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा चौकशीचा अहवाल जाहीर करायला नकार दिला होता. मार्च २०२५ मध्ये दिल्लीतल्या एका न्यायमूर्तींच्या घरी जळालेल्या नोटा सापडल्याचा आरोप झाला, तेव्हा मात्र प्राथमिक अहवाल आणि चित्रफीत संकेतस्थळावर ठेवली गेली. तसं क्वचित घडतं. बंद दाराआड काय झालं ते कळलं नाही की लोक दाराबाहेर गोष्टी रचतात. तक्रारीचं पुढे काय झालं हे निदान तक्रारदाराला दोन ओळींत कळावं, असं मला मनापासून वाटतं, आणि बारने हे मागायला हवं. त्यासाठी बारची पत असावी लागते, आणि "खात्रीलायकरीत्या समजते की" अशा प्रत्येक कागदाने ती उणी होते.

आता तुझ्या अपमानाकडे. हे कुणाला न दाखवता आज रात्री लिहून काढ: तारीख, बोर्डावरचा (त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीतला) क्रमांक, काय विचारलं, तू काय म्हणालीस, आसपास कोण होतं. फक्त कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं. "मला वाटलं" असलेलं वाक्य खोडून टाक. मग ते चार दिवसांनी पुन्हा वाच. एक तिखट प्रश्न एवढंच उरलं तर ती वही बंद करून ठेव आणि पुढच्या वेळी फाइल तीनदा वाचून जा. पण त्यात तू बाई आहेस म्हणून काही बोललं गेलं असेल, किंवा तेच न्यायमूर्ती तरुण मुलींशी वारंवार तसंच बोलतात असं दुसऱ्या दोघी-तिघी स्वतःच्या अनुभवावरून सांगत असतील, तर ते कागद घेऊन हायकोर्टाच्या बार असोसिएशनच्या अध्यक्षांकडे जा, आणि त्यांच्यामार्फत मुख्य न्यायमूर्तींकडे. बंद पाकिटात, तुझ्या नावाने, तुझ्या शब्दांत. ती सही मी तुला करायला सांगेन, आणि हवं तर तुझ्याबरोबर येईन.

सरांशी कसं बोलायचं हा तुझा खरा प्रश्न. ग्रुपवर नको, फोनवर नको. सकाळी बोर्ड सुरू होण्याआधी, केबिनमध्ये ते एकटे असताना जा. वाद घालू नकोस, शरीफचा निकाल वाचून दाखवू नकोस, त्यांना तो येतो. एवढंच म्हण, "सर, लग्नाला मी नव्हते. पैशांचं मला काही माहीत नाही. मी पाहिलं नाही ते मला लिहिता येणार नाही." बस. सर चिडतील. "मग वकिली कशाला करतेस" असंही म्हणतील कदाचित. तेव्हा उत्तर देऊ नकोस. दुसरं, हे नीट समजून घे, की तक्रारीत खरंच दम आहे असं सरांना वाटत असेल तर वकालतनाम्यावर त्यांचं नाव आहे, चाळीस वर्षांची पुण्याई आहे, ते स्वतः सही करू शकतात. ते करत नाहीत यातच उत्तर आहे.

ऑफिस सुटेल, ही भीती मला कळते. भाडं, कदंब बसचे पास, घरी सांगितलेली मोठी स्वप्नं. पण ऑफिस सुटलं तर दुसरं मिळतं. म्हापशाला, फोंड्याला, मडगावला मेहनती ज्युनियर हवा असलेले वकील आहेत, आणि खोटी सही नाकारून बाहेर पडलेल्या मुलीला आत घेणारेही आहेत. मला पत्र टाक, मी दोघांशी बोलेन. सनदेवर डाग पडला तर मात्र ती भरून देणारं ऑफिस नाही.

राहिले काका. त्यांना टाळू नकोस, घरी जा. काकींसमोर बस. निकालाची प्रत पुढ्यात ठेवून मराठीत, हळूहळू समजावून सांग की तिन्ही कोर्टांनी काय म्हटलं. तक्रारीने वाट मिळणार नाही, हे स्पष्ट सांग. तक्रार सिद्ध झाली तरी निकाल आपोआप उलटत नाही, हे लोकांना माहीतच नसतं. निकालाविरुद्धचा राग जिथे न्यायचा ती जागा म्हणजे सर्वोच्च न्यायालय, संविधानाच्या कलम १३६ खालची विशेष परवानगीची याचिका. मुदत निकालापासून ९० दिवस. खर्च मोठा आहे आणि तिन्ही कोर्टं विरुद्ध गेल्यावर दार उघडण्याची शक्यता थोडी, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी कर, ज्यांना परवडत नाही त्यांना मदतीची सोय आहे. आणि एक गोष्ट वकिलाच्या तोंडून क्वचित निघते ती विचारून बघ: शेजारी पैसे घेऊन किंवा जागेची अदलाबदल करून कुंपणाच्या कडेने चार हात वाट द्यायला तयार होईल का? कोर्टात हक्क नाही म्हटलं म्हणून करार करायला कायद्याने मनाई नाही. प्राधिकरणाकडे मध्यस्थही मिळतो. चवथीला दोन्ही घरं एकमेकांकडे आरतीला जात असतील तर त्याआधीच बोला.

पुनर्विलोकनाच्या अर्जाची मुदत ३० दिवसांची, ती एव्हाना संपली असेल किंवा संपत आली असेल. निकालाची तारीख बघ आणि सर्टिफाइड कॉपीला अर्ज केला नसेल तर उद्याच कर. कॉपी मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज केल्यापासूनच.